माय म्हणते श्वास घेता येत नाही, पण अडकतो तो सोडताना

पत्र: "मावशी नमस्कार. आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यावरून लिहितो. माय 54 वर्षांची आहे, बिडी कधी ओढली नाही, तंबाखू नाही, पण दोन वर्षांपासून दम लागते. आधी चुलीपुढं फुंकणी फुंकताना लागायचा, आता विहिरीवरून हंडा आणताना पण लागते. एक्स-रे क्लिअर आला. बेडका तपासला, टीबी नाही. मग यवतमाळला फुंकायची टेस्ट केली. कागदावर एफव्हीसी 1.75, एफईव्ही-वन 0.98, रेशो 56 आणि एफईव्ही-वनच्या पुढं 58 टक्के असं लिहून आहे. तोंडातून ओढायच्या औषधाचा पंप मारून परत फुंकवलं तं एफईव्ही-वन 1.06 आलं. म्हणजे मायचं 42 टक्के फुफ्फुस गेलं काय? शेजारचे म्हणतात पंप एकदा सुरू झाला की जन्मभर सुटत नाही, म्हणून माय तो डब्यात टाकून ठेवते आणि तीन बॉलचं ते खेळणं घेऊन बसते. श्वास धरायला लावला तं 20 सेकंद धरते, म्हणजे फुफ्फुस चांगलं असलं पाह्यजे ना? पुढच्या महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. काय करू?"

बेटा, आधी तुझ्या मनातली मोठी भीती काढते, मग बाकीचं बोलू. नाही, 42 टक्के फुफ्फुस गेलेलं नाही. तो 58 चा आकडा फुफ्फुस किती उरलं ते सांगतच नाही, तो सांगतो की पहिल्या एका सेकंदात मायच्या छातीतून हवा किती बाहेर पडली, आणि तिच्याच वयाच्या, तिच्याच उंचीच्या तब्येतीनं चांगल्या बाईची जेवढी पडायला पाहिजे त्याच्या तुलनेत ती किती टक्के. मी 26 वर्षं एका दवाखान्यात हीच फुंकायची टेस्ट घेतली, आणि हा कागद हातात घेऊन बाहेर बाकड्यावर रडत बसलेली माणसं मी खूप पाहिली, कारण त्यांना कोणी दोन मिनिटं बसवून सांगितलंच नाही की यात लिहिलंय काय.

तू लिहिलंस की पहिल्यांदा दम फुंकणी फुंकताना लागला. ही गोष्ट तुझ्या डॉक्टरला सांगितलीस का? नसेल तर नक्की सांगजो, कारण मायच्या आजाराचं सगळं त्या एका वाक्यात आहे. फुंकणीत हवा बाहेर काढावी लागते, आणि तिचं बिनसलंय ते बाहेर काढण्यातच. दम लागला की माणूस म्हणते श्वास घेता येत नाही, सगळे असंच म्हणतात, तसंच वाटते. पण तुझ्या मायला हवा आत घेताना तेवढा त्रास नाही, आतली पूर्ण निघत नाही म्हणून नवीन जात नाही. आपल्याकडं कापूस घरातल्या खोलीत भरून ठेवतात ना, तसं समज. भाव येईपर्यंत ठेवलेला कापूस खोलीत छतापर्यंत आहे, वेचणी चालू आहे, बाया ओझे घेऊन दारात उभ्या आहेत, आणि गाडी काही लागली नाही. खोली चांगली आहे, दार चांगलं आहे, पण जुना माल निघाल्याशिवाय नवा टाकणार कुठं?

आता हे असं काऊन होते ते पाहू, कारण ते समजलं की पंप काय करतो, ओठांचा व्यायाम काय करतो, हे सगळं आपोआप समजेल.

फुफ्फुसाला स्वतःचं फुगायचं बळ नसतं, ताण देणारा स्नायूच नाही त्याच्यात. ते स्पंजासारखं आहे. त्याच्या खाली, छाती आणि पोटाच्या मधात, घुमटासारखा एक स्नायूचा पडदा आहे. तो आकसला की खाली जातो, बरगड्या थोड्या वर आणि बाहेर होतात, छातीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरासा कमी होतो आणि हवा आपोआप आत येते. लोहाराचा भाता आठव, तो उघडला की हवा ओढायला वेगळं काही करावं लागत नाही. सोडताना तर त्याहून सोपं, पडदा ढिला पडतो आणि ताणलेलं फुफ्फुस रबरासारखं आपल्या जागेवर येतं, हवा निघून जाते. बसल्या बसल्या श्वास सोडायला चांगल्या माणसाला काहीच मेहनत लागत नाही. आणि श्वास कधी घ्यायचा हे मेंदूच्या मागच्या खालच्या भागात ठरते, रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा जरी वाढला तरी तिथून हुकूम सुटतो, म्हणून झोपेतही चालू राहते.

आत मुख्य नळी आहे, तिला फाटे, त्या फाट्यांना फाटे, असे वीसपेक्षा जास्त वेळा फाटे फुटत फुटत शेवटी तीसेक कोटी बारीक फुगे लागतात. सगळे उलगडून पसरले तर साधारण 70 चौरस मीटर होतात, म्हणजे खेड्यातलं चार-पाच खोल्यांचं घर भरेल. शेवटच्या बारीक नळ्यांना कडक कडी नसते, आजूबाजूचे फुगे त्यांना चारी बाजूनं ताणून धरतात म्हणून त्या उघड्या राहतात. आता वर्षानुवर्षं धूर गेला, तर नळीचा आतला थर सुजतो, चिकट बेडका जमतो, आणि काही फुग्यांच्या भिंती तुटतात म्हणजे ते ताणून धरणारं बळ कमी होतं. मग श्वास घेताना छाती मोठी होते तेव्हा नळ्या उघडतात, पण जोरात सोडायला गेलं की बाहेरून दाब येतो आणि हवा निघायच्या आधीच नळी मिटते. जेवढा जोर लावला तेवढी लवकर मिटते! म्हणून मायला जोर लावून फुंक म्हणू नको कधी (टेस्टच्या वेळचं वेगळं).

बिडी नाही ओढली म्हणतोस. पण 54 वर्षांची बाई, म्हणजे लग्नाच्या आधीपासून चुलीपुढं, आणि चुलीत काय, पऱ्हाटी, तुराटी, पावसाळ्यात ओली लाकडं आणि गवऱ्या. खाली वाकून, तोंड धुराजवळ, फुंकणीनं फुंकायचं आणि फुंकल्यावर पुढचा मोठा श्वास त्याच धुरात घ्यायचा. हा आजार बिडीशिवाय निव्वळ चुलीच्या धुरानंही होतो, हे पक्कं माहीत असलेलं आहे, तरी आपल्याकडं बाईला दम लागला की कमजोरी आहे, रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन वर्षं जातात. मला याचा खरंच राग येतो.

आता आकडे. साधारण धडधाकट मोठा पुरुष बसल्या बसल्या एका श्वासात अर्धा लिटर म्हणजे 500 मिली हवा घेतो आणि सोडतो. त्याच्यावर पूर्ण जोर लावून अजून 3 लिटरच्या आसपास आत ओढू शकतो. साधा श्वास सोडून झाल्यावर जोर लावला तर अजून 1.1 लिटर काढू शकतो. आणि एवढं करूनही 1.2 लिटरच्या आसपास हवा आत राहतेच, ती कोणालाच काढता येत नाही, पहिलवानालाही नाही. ती राहते म्हणून बरं, नाहीतर दर वेळी फुगे चिकटले असते. सगळं मिळून पावणेसहा-सहा लिटर. बाईचं यापेक्षा पाचवा-चौथा हिस्सा कमी, आणि तुझ्या मायची उंची कमी असेल तर अजून कमी, त्यात घाबरायचं काही नाही.

त्या 500 मिलीमधले सुमारे 150 मिली तर नळ्यांमध्येच राहतात, फुग्यांपर्यंत पोचतच नाहीत, जशी पाइपलाइनमध्ये पाणी राहते तशी. म्हणून हिशेब कर. मिनिटाला 12 श्वास 500 चे घेतले तर 6 लिटर हवा फिरली, त्यातली कामाची 350 गुणिले 12, म्हणजे 4.2 लिटर. आणि घाबरून छोटे छोटे 250 चे 24 श्वास घेतले, तरी हवा तेवढीच 6 लिटर फिरली, पण कामाची फक्त 100 गुणिले 24, म्हणजे 2.4 लिटर. मेहनत दुप्पट आणि पदरात जवळपास अर्धं. माय हंडा घेऊन येताना कुत्र्यासारखी धापते तेव्हा हेच चालू असते, वर श्वास सोडायला वेळ कमी मिळतो, म्हणजे दर श्वासाला थोडी थोडी हवा आत अजून साचत जाते. वाटेत थांबावं लागते ते त्याच्यामुळं.

हे मोजायची रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरनं 1846 मध्ये स्पायरोमीटर जगापुढं आणला, पाण्यात उपडी घातलेली एक मोठी घंटेसारखी टाकी, तिच्यात नळीनं फुंकायचं, हवा भरली की टाकी वर उचलली जाते आणि बाजूच्या पट्टीवर लिटर वाचायचे. त्यानं खलाशी, पोलीस, सैनिक अशा दोन हजारांवर माणसांना फुंकवलं आणि त्याला दिसलं की फुंकर उंचीनुसार वाढते. म्हणून आजही टेस्टच्या आधी उंची घेतात. तुला घरी पाहायचं असेल तर तेलाची 5 लिटरची रिकामी कॅन घे, एक-एक लिटरच्या बाटलीनं पाणी टाकत बाहेरून खुणा कर, काठोकाठ भरून टपातल्या पाण्यात उपडी धर आणि खालून ठिबकची नळी घालून एका दमात फुंक, जेवढं पाणी खाली उतरलं तेवढी तुझी हवा. पोरांना दाखवायला छान आहे. मायला मात्र यात फुंकवू नको, आजार यातून कळत नाही, कारण यात वेळ मोजत नाही.

आणि आजार तर वेळेतच आहे. पूर्ण श्वास भरून जेवढी हवा जोरात फुंकून काढली ती एफव्हीसी, मायची 1.75 लिटर. त्यातली पहिल्या सेकंदात निघाली ती एफईव्ही-वन, 0.98. भागाकार 56 टक्के. चांगल्या माणसाची पहिल्या सेकंदातच 75-80 टक्के हवा निघून जाते, वय झालं की थोडं कमी. मायची अर्ध्याच्या थोडी वर निघाली आणि बाकीची हळूहळू गळत राहिली. एफव्हीसीच्या पुढं किती टक्के लिहिलंय ते तू पाठवलं नाहीस, पण 80 च्या वर असेल तर समज की खोली जवळपास पूर्ण आहे, निघायचा रस्ता अरुंद झाला आहे. उलटं असतं, म्हणजे एफव्हीसी खूप कमी आणि रेशो चांगला, तर फुफ्फुस आक्रसल्याचा वेगळा विचार करावा लागला असता.

पंप मारून 0.98 चे 1.06 झाले, 80 मिली वाढले, आठ टक्के. दम्यात बरेचदा यापेक्षा मोठी उडी दिसते, 12 टक्के आणि 200 मिली दोन्ही ओलांडले तर डॉक्टर म्हणतात की नळ्या चांगल्याच उघडल्या. मायच्या तेवढ्या उघडल्या नाहीत. पंपानंतरचा रेशो कागदावर पाहा, तो 70 च्या खाली असेल तर सीओपीडीकडं, म्हणजे वर सांगितला त्या नळ्या अरुंद होऊन हवा अडकायच्या जुनाट आजाराकडं, बोट जाते. शेवटचं डॉक्टरच सांगतील, एका फुंकरीवर आजाराचं नाव ठेवत नाहीत.

टेस्ट नीट झाली होती का हे मात्र विचारजो. नाकाला चिमटा लावला होता का, ओठ पाइपावर घट्ट होते का, किमान तीनदा चांगलं फुंकलं का आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन फुंकरी एकमेकीच्या जवळ, 150 मिलीच्या आत होत्या का, पाच-सहा सेकंदांच्या आधी सोडून तर दिलं नाही. आपल्या बाया लाजतात, पदर सावरतात, चार माणसांपुढं तोंडानं आवाज काढायचा म्हणजे त्यांना कसंतरी होते, म्हणून हलकंच फुंकतात आणि कागदावर आजार मोठा दिसतो. मी त्यांना म्हणायचे, बाई, चूल विझून राहिली आहे आणि पावणे दारात आहेत, मार फुंकणी! मग बरोबर यायचं. आणि उंची मोजली होती ना, विचारून तर नाही लिहिली? एका शिबिरात मी पाहिलं, 4 फूट 10 इंचाच्या बाईची उंची अंदाजानं 5 फूट 2 लिहिली, मशीननं तिच्याकडून तेवढ्या उंच बाईची हवा मागितली आणि कागदावर आलं की आजार खूप वाढलेला आहे. ती बाई महिनाभर जेवली नाही नीट. मशीनमध्ये माणूस भारतीय म्हणून निवडला होता का तेही पाहावं लागते, गोऱ्या लोकांच्या आकड्यांशी ताडलं तर आपले टक्के उगाच कमी येतात.

या टेस्टमध्ये एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे आत अडकून राहिलेली हवा. जी बाहेरच येत नाही ती फुंकून कशी मोजणार? त्याच्यासाठी हेलियमवाली टेस्ट असते, ठरावीक हेलियम मिसळलेली हवा बंद डब्यातून श्वासात घ्यायची, तो रक्तात जवळपास जातच नाही, आतल्या हवेत मिसळून किती पातळ झाला त्यावरून आतली हवा किती ते निघते. नाहीतर काचेच्या बंद खोलीत बसवून दाबावरून काढतात. मोठ्या ठिकाणी होते हे. तुझ्या मायला आज त्याची गरज वाटत नाही, त्याच्यासाठी नागपूरच्या चकरा मारू नको.

एक्स-रे क्लिअर आला तो खोटा नाही. तो थांबलेल्या फुफ्फुसाचा फोटो आहे, हवा किती वेगानं निघते ते फोटोत येत नाही. श्वास धरण्याचंही तसंच, कोरोनात ते मोबाइलवर फार फिरलं होतं, पण धरता येणं हे बरंचसं सवयीवर आणि जिद्दीवर आहे, सोडता किती येतो ते त्यात मोजलंच जात नाही. आणि तीन बॉलचं खेळणं हे मोजायचं यंत्र नाही, त्याच्यावर 600, 900, 1200 लिहिलेलं असतं तो हवा ओढायचा सेकंदाचा वेग आहे, फुफ्फुसाची साठवण नाही. ते ओढायचं असतं, फुंकायचं नसतं, आणि मुख्यतः ऑपरेशननंतर फुफ्फुस पूर्ण उघडावं म्हणून देतात. मायचा त्रास सोडण्याचा, त्यावर याचा फारसा उपयोग नाही. ठेवून दे.

पंप डब्यातून काढ. सवय लागते हे चूक आहे. चष्म्याची सवय लागते म्हणतात तसं आहे ते, डोळ्याला गरज आहे म्हणून लावतो. साल्बुटामॉलच्या पंपाचा एक झटका 100 मायक्रोग्रॅम असतो आणि तेच औषध गोळीतून घेतलं तर 2 ते 4 मिलिग्रॅम, म्हणजे 20 ते 40 पट, आणि ते सगळ्या अंगात फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं थेट नळीत जातं. फक्त नीट घेतला पाहिजे, अन् निम्मे लोक तोंडात मारून जिभेवरच ठेवतात आणि म्हणतात फरक नाही. डॉक्टरला स्पेसर मागजो, ती पंपाला लावायची नळकांड्यासारखी डबी, आणि त्यांच्यापुढं मायला एकदा घ्यायला लाव. रोजचा पंप वेगळा आणि दम लागल्यावरचा वेगळा असू शकते, कोणता कोणता ते डब्यावर मार्करनं लिहून ठेव. स्टेरॉइडवाला असेल तर घेतल्यावर गुळण्या करायच्या, नाहीतर तोंड येते.

चुलीचं तर तुलाच पाहावं लागेल, माय नाही पाहणार. घरात गॅस असेल तरी तो चहापुरता आणि भाकरी-आंघोळीचं पाणी चुलीवर, हे मला माहीत आहे, सिलिंडर महाग आहे आणि पऱ्हाटी फुकट आहे. एवढं तरी कर, पाण्याची चूल आवारात उघड्यावर ने, पेटवायचं काम तू घे, आणि मायला फुंकणी हातात घेऊ देऊ नको. सोयाबीन-तुरीच्या मळणीला थ्रेशरजवळ उभी राहू देऊ नको, त्या कुटारात चांगल्याची छाती भरते. कापूस भरलेल्या खोलीत झोपत असेल तर आजच खाट हलव.

आणि हे तिला शिकव, फुकट आहे. नाकानं दोन मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, मग गरम चहावर हलकी फुंकर मारतो तसा ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत सोडायचा, जोर न लावता. ओठांपाशी थोडा अडथळा झाला की आत नळ्यांमध्ये दाब टिकतो, त्या मिटत नाहीत, अडकलेली हवा निघते. हंडा उचलायचाच असेल तर उचलताना फुंकर सोडायची, श्वास रोखून उचलायचा नाही. दम लागला तर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढं वाकून बसायचं, आडवं नाही व्हायचं. चालणं बंद नाही करायचं मात्र, रोज सपाटीवर, थांबत थांबत. थंडीच्या आधी फ्लूच्या लसीचं डॉक्टरला विचार.

ओठ-नखं निळी पडली, एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, किंवा दम असून माय झोपाळल्यासारखी, गुंगल्यासारखी वाटली तर रात्र आहे, सकाळी पाहू असं करू नको, 108 लाव.

आता मोतीबिंदू. डोळ्याच्या डॉक्टरला फुंकायच्या टेस्टचा कागद दाखव आणि सांग की हिला दम आणि खोकला आहे, कारण ऑपरेशनला सपाट झोपावं लागते आणि मधात खोकला आला तर पंचाईत. त्या दिवशी सकाळी पंप घ्यायचा की नाही ते त्यांना विचारून ठेव, आणि पंप सोबत ने. फुंकायची टेस्ट परत करायची असेल तर ऑपरेशनच्या आधी कर किंवा डोळ्याचे डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, लगेच नंतर नाही, त्या जोराच्या फुंकरीनं डोळ्यावर दाब येतो. टेस्टच्या आधी कोणता पंप किती तास बंद ठेवायचा ते विचारून जाजो, पोटभर जेवून जाऊ नको, आणि या वेळी त्यांना म्हण, उंची मोजून लिहा. दुसरा कागद आला की दोन्ही मला पाठव, एफव्हीसीचे टक्के आणि पंपानंतरचा रेशो दोन्ही दिसतील असे फोटो काढ.